लोकरी मावा आला आणि आवरला : उसाच्या मित्रकिडींचा इतिहास



या पत्रकात एरवी आपण बियाणे, खताच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांची माहिती देतो. या वेळी थोडा इतिहास सांगायचा आहे. तुम्ही म्हणाल, कामाच्या दिवसांत इतिहास कशाला? पण हा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही. तो तुमच्याच उसाचा आहे. त्यातून जे शिकायला मिळते त्यावर तुमच्या फवारणीचा खर्च आणि कधीकधी अख्खा फड अवलंबून असतो.

टेंभुर्णी आणि परिसरातल्या ज्यांच्या घरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ऊस होता, त्यांना २००२ आणि २००३ ही साले सांगावी लागणार नाहीत. पानाखाली पांढरी लोकर, पानावर काजळी, आणि फडात शिरले की डोक्या-खांद्यावर पांढरा भुसभुशीत थर. तोच लोकरी मावा. तो कुठून आला, कसा पसरला आणि कोणी आवरला, ते क्रमाने पाहू.

किडीलाही वैरी असतो

आधी थोडे मागे जाऊ. एका किडीने दुसऱ्या किडीला खावे आणि त्याचा फायदा शेतकऱ्याने घ्यावा, ही गोष्ट नवी नाही. इसवी सन ३०४ च्या सुमारास लिहिलेल्या एका चिनी ग्रंथात अशी नोंद आहे की, संत्र्या-लिंबांच्या बागा करणारे लोक बाजारातून मुंग्यांची घरटी पिशवीसकट विकत घेत आणि झाडाला टांगत. त्या मुंग्या फळांवरच्या किडी खात. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी मित्रकिडी बाजारात विकत मिळत होत्या!

आपल्या देशातली मोठी गोष्ट फड्या निवडुंगाची. हा निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. आपल्याकडे तो बाहेरून आला, कुंपणाला लावला गेला आणि मग मोकाट सुटला. १७९५ साली ब्राझीलमधून कलकत्त्याला एक किडा आणला गेला. हेतू वेगळाच होता. निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग मिळतो, त्याचा धंदा इंग्रजांना करायचा होता. पण आला तो त्याचा भाऊबंद, रंगाच्या कामी कमअस्सल. धंदा बसला. किडा मात्र निवडुंगावर असा तुटून पडला की उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात एका जातीचा निवडुंग विरळ होत गेला. ते पाहून १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तोच किडा मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडला. एका तणाचा वैरी जाणूनबुजून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेण्याचा हा जगातल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक होता.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे निवडुंगाच्या दुसऱ्या जाती माजल्या. जुना किडा त्यांना तोंड लावीना. अखेर १९२६ साली त्या जाती खाणारा वेगळा किडा बाहेरून आणावा लागला, तेव्हा कुठे दक्षिण भारतातली हजारो एकर रानं मोकळी झाली. यातली एक खूणगाठ बांधून ठेवा : ज्याचा जो वैरी, तो त्यालाच खातो. कोणताही किडा आणून सोडला आणि कीड गेली, असे होत नाही. नेमका वैरी शोधावा लागतो.

नेमका वैरी सापडला तर काय होते, हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दिसले. तिथे संत्र्या-लिंबाच्या बागांवर कापसासारखी पांढरी खवले कीड पडली आणि बागाईतदार झाडं उपटून जाळायच्या बेतात आले. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियाची. म्हणून १८८८ साली अल्बर्ट कोबेले नावाच्या कीटकशास्त्रज्ञाला ऑस्ट्रेलियात पाठवले. त्याला तिथे ही कीड खाणारा एक छोटा ढालकिडा सापडला. पहिल्या काही खेपांमधून मिळून १२९ ढालकिडे जिवंत पोचले. एका झाडाला तंबू घालून त्यात ते सोडले. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत कॅलिफोर्नियातल्या बागा वाचल्या. पुढे १९३० च्या सुमारास हाच ढालकिडा आपल्या निलगिरीतही आणला गेला.

म्हणजे बाहेरून आलेली कीड का माजते, याचे उत्तर सोपे आहे. ती येते, पण तिचे वैरी मागे राहतात. घरात मांजर नाही म्हटल्यावर उंदीर नाचणारच.

उसातला पहिला धडा : पाकोळी

आता आपल्या उसाकडे येऊ. पाकोळी तुम्हाला माहीत आहे. शास्त्रज्ञ तिला पायरिला म्हणतात. चोचीसारखे तोंड, पानाला हात लावला की टुणकन उडी. ती रस शोषते, चिकटा टाकते, पान काळे पडते आणि साखरेचा उतारा घटतो.

या पाकोळीचाही एक वैरी आहे. त्याचे नाव इपिरिकॅनिया. तो दिसायला बारीक काळपट पतंग आहे. त्याची अळी पाकोळीच्या अंगाला गोचिडासारखी चिकटून राहते, तिला शोषते आणि शेवटी मारते. मग पानावर पांढरा कोष करते. १९८० च्या दशकात हा वैरी एका भागातून दुसऱ्या भागात नेऊन सोडण्याचे काम देशातल्या अनेक राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्रही होता. पद्धत अगदी साधी. ज्या फडात इपिरिकॅनिया भरपूर आहे तिथली कोष असलेली पाने कापायची, त्यांचे तुकडे करायचे आणि पाकोळी पडलेल्या फडात पानांना टाचून द्यायचे. हेक्टरी चार ते पाच हजार कोष, किंवा चार ते पाच लाख अंडी, अशी शिफारस असे.

त्या काळातच एक गोष्ट ध्यानात आली. जिथे तोडणीनंतर पाचट पेटवून देतात तिथे हा वैरी जळून मरतो, आणि पुढच्या वर्षी पाकोळी पुन्हा माजते. पाचट जाळू नका, असे जे तुम्हाला वारंवार सांगितले जाते त्यात जमिनीचा कस राखणे हे एक कारण आहे. हे दुसरे.

अशा कामाला देशपातळीवर शिस्त लागली ती १९७७ साली, जैविक कीड नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला तेव्हा. १९९३ साली बंगळूरला त्यासाठी स्वतंत्र संचालनालय झाले. आज त्याच संस्थेला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो म्हणतात. पुढच्या गोष्टीत या संस्थेचा हात आहे.

ज्वारीच्या रानात ऊस

माढा तालुका म्हटला की जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढे शाळूची रानं येतात. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि चित्र बदलले. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी. कालव्याचे पाणी आले, नदीकाठच्या मोटारी चालू झाल्या, आणि जिथे ज्वारी-करडई होती तिथे ऊस उभा राहिला. कारखाने निघाले. टेंभुर्णीच्या चौकातून हंगामात उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक यांची रीघ लागते. पुणे-सोलापूर रस्ता, पंढरपूरकडचा रस्ता, कुर्डुवाडी-बार्शीकडचा रस्ता, सगळे इथेच भेटतात.

ऊस आला त्याने चार पैसे दिले, यात वाद नाही. पण एकाच पिकाची शिवारेच्या शिवारे बारा महिने हिरवी उभी राहिली की त्या पिकाच्या किडीला जणू कायमचे अन्नछत्र उघडते. बांधाला बांध लागून ऊस. आज लागण, तिकडे खोडवा, पलीकडे तुटायला आलेला आडसाली. किडीला उपास घडायचे कारणच नाही. ही झाली पूर्वतयारी. आता पाहुणा कसा आला ते पाहू.

जुलै २००२

लोकरी माव्याची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली ती जावा बेटावरच्या उसावरून, १८९७ साली. आपल्या देशात तो ईशान्येकडच्या राज्यांत आणि पश्चिम बंगालमध्ये होता. बंगालमधली नोंद १९५८ सालची आहे. तिथे तो होता, पण आपल्याकडे मोठे उत्पात म्हणून त्याचे नाव नव्हते. महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकऱ्यांनी तो कधी पाहिलाही नव्हता.

जुलै २००२ मध्ये तो सांगली जिल्ह्यातल्या उसावर दिसला. त्याच वर्षी उत्तर कर्नाटकात, बेळगाव-बागलकोट भागातही दिसला. मग सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर असा तो पसरत गेला. थोड्या वर्षांत दक्षिणेकडची राज्ये आणि पुढे उत्तरेकडचे काही भागही त्याने गाठले.

इतक्या वेगाने तो कसा वाढला? त्याचे जीवन समजून घेतले की कोडे सुटते.

पहिली गोष्ट, आपल्या भागात आढळतात त्या सगळ्या माद्याच. त्यांना नराची गरज नाही. दुसरी गोष्ट, त्या अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्ले देतात. ती पिल्ले थोड्याच आठवड्यांत मोठी होतात आणि त्यांनाही पिल्ले होतात. म्हणजे व्याजावर व्याज चढते तसा हिशेब. तिसरी गोष्ट, काही मावा पंखवाला होतो आणि वाऱ्यावर दूर जातो. आणि चौथी गोष्ट, जिथे वारा पोचत नाही तिथे आपण त्याला पोचवतो. अंगावर मावा असलेले वाढे जनावरांसाठी एका गावातून दुसऱ्या गावात गेले की त्यांच्याबरोबर मावाही जातो. बेण्याबरोबर जातो. तोडणीच्या गाड्यांवरून जातो.

हा मावा पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना बसतो. अंगातून मेणासारखे पांढरे तंतू काढतो, तीच लोकर. रस शोषतो आणि गोड चिकटा खालच्या पानावर टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते. पान काळे पडले की त्याला ऊन मिळत नाही. ऊन नाही तर अन्न नाही, आणि अन्न नाही तर कांडीत वजन आणि साखर कुठून येणार? ढगाळ, दमट, गार हवा त्याला मानवते. कडक उन्हाळा मानवत नाही.

फवारा कुठे अडला

मावा दिसताच सगळ्यांच्या मनात आले ते एकच : फवारा. त्यात गैर काही नव्हते. पिकाला आग लागली की हाताला येईल त्या बादलीने पाणी मारावे तसे झाले. आंतरप्रवाही औषधे फवारली, दाणेदार औषधे टाकली, भुकट्या धुरळल्या. सुरुवातीच्या ठिपक्यांवर, लहान उसात त्यांचा उपयोगही झाला.

पण पाच-सहा महिन्यांचा ऊस म्हणजे भिंत. पुरुषभर उंच, पाने एकमेकांत गुंतलेली. पाठीवर पंप घेऊन माणूस आत शिरणार कसा, आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचवणार कसे? वर मेणाची लोकर. औषधाचे थेंब तिच्यावरून घरंगळतात. फवारणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात औषध जाते ते वेगळेच. एका फडात मारावे तर शेजारच्या फडातून पंखवाला मावा परत येतो.

त्या काळी सर्रास वापरात असलेल्या औषधांपैकी फोरेट आणि ट्रायझोफॉस यांची विक्री आणि वापर आता बंद आहे. सरकारने २०१८ साली काढलेल्या आदेशानुसार २०२० साल संपले तेव्हापासून त्यांच्यावर बंदी आली. घराच्या माळ्यावर जुना डबा पडला असेल तर तो वापरू नका.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नव्हते. पिकात माव्याला खाणारे जे काही हळूहळू जमत होते, तेही या फवाऱ्यात मरत होते.

वैरी सापडले

शास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला. ईशान्य भारतात हा मावा इतकी वर्षे आहे, मग तिथे तो आवाक्यात कसा राहतो? उत्तर उघड होते. तिथे त्याचे वैरी आहेत. आणि बारकाईने पाहिल्यावर ध्यानात आले की यांतले काही वैरी आपल्याकडच्या फडांतही मावा आल्यावर दिसू लागले आहेत, फक्त संख्या कमी आहे.

यातले तीन तुम्ही ओळखायला शिका.

पहिला डिफा. पूर्ण नाव डिफा ॲफिडीव्होरा. जुन्या पत्रकांत याला कोनोबाथ्रा म्हटलेले आढळेल, किडा तोच. हा एक लहान करडा पतंग. पतंग काही खात नाही, काम करते त्याची अळी. ती माव्याच्या वस्तीत रेशमासारखे जाळे विणते आणि त्याच्या आडोशाला राहून मावा फस्त करते. एक अळी वाढता वाढता शेकडो मावा खाते. मग तिथेच पानावर कोष करते.

दुसरा मायक्रोमस. हा तपकिरी रंगाचा, जाळीदार पंखांचा बारीक कीटक. याची अळी दोन्ही टोकांना निमुळती, चपळ, तोंडाला चिमट्यासारखे दात. मावा दिसला की चिमट्यात धरून रस ओढते. याची अळीही मावा खाते आणि मोठा कीटकही खातो.

तिसरी एन्कार्शिया. ही इतकी बारीक गांधीलमाशी आहे की बाजरीच्या दाण्यापुढेही लहान दिसेल. ती माव्याला खात नाही. त्याच्या अंगात अंडे घालते. आतली अळी माव्याला आतून खाते आणि त्याचे फक्त कवच उरते. ही ईशान्य भारतातून आणून दक्षिणेकडच्या ऊसपट्ट्यात सोडली गेली आणि इथे टिकली.

याशिवाय ढालकिडे, क्रायसोपर्ला आणि माव्यावर जगणाऱ्या माश्यांच्या अळ्या हे आपले नेहमीचे मदतनीस होतेच.

वैरी ओळखले, पण संख्या कशी वाढवायची? ही अळी माव्याखेरीज सहजी वाढत नाही. म्हणून प्रयोगशाळेऐवजी रानातच तिचे कोठार उभे केले गेले. मावा पडलेल्या उसाच्या तुकड्यावर सावलीची जाळी बांधायची, आत डिफा सोडायचा, तो मावा खाऊन वाढला की कोष आणि अळ्या असलेली पाने कापून दुसऱ्या फडात न्यायची. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राज्यातली आणि कर्नाटकातली कृषी विद्यापीठे, बंगळूरचे संचालनालय आणि साखर कारखाने यांनी या कामात हात घातला. हेक्टरी एक हजार, म्हणजे एकरी साधारण चारशे, डिफाच्या अळ्या किंवा कोष सोडावेत, अशी शिफारस झाली. पाने तोडायची, तुकडे करायचे, मावा असलेल्या पानांना टाचायचे. पाकोळीच्या वेळी वापरलेली तीच जुनी युक्ती इथे पुन्हा कामी आली.

मावा कसा आवरला

पुढच्या दोन-तीन वर्षांत माव्याचा जोर ओसरला. २००५ नंतर तो येतो, काही वर्षी पावसाळ्यानंतर दिसतो, पण पूर्वीसारखा हाहाकार होत नाही.

आता सरळ बोलायचे तर सगळे श्रेय एकट्या डिफाला देता येणार नाही. त्या वर्षांत दुष्काळही होता, ऊस कमी झाला होता, उन्हाळा कडक होता, काही ठिकाणी फवारेही उपयोगी पडले. राज्यातले साखरेचे उत्पादन २००२-०३ च्या हंगामात सुमारे ६२ लाख टन होते, ते २००४-०५ मध्ये सुमारे २२ लाख टनांवर आले. या घसरगुंडीत दुष्काळ आणि मावा दोघांचाही वाटा होता. आणि २००६-०७ मध्ये उत्पादन ९० लाख टनांच्या पुढे गेले.

इथे थांबून जरा विचार करा. २००६-०७ मध्ये ऊस पूर्वीपेक्षाही जास्त होता. पाऊस झाला होता, हवा दमट होती. माव्याला हवे ते सगळे होते. तरी तो २००३ सारखा माजला नाही. का? कारण आता त्याचे वैरी शिवारात वस्तीला होते. मावा वाढला की त्याच्या मागोमाग तेही वाढतात. कोणी विकत आणायला नको, कोणी फवारायला नको. औषधाचा असर काही दिवसांत संपतो. शिवारात स्थिरावलेला वैरी पिढ्यान्‌पिढ्या काम करतो.

यातून तुम्ही काय घ्यायचे

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट धीराची. मावा आधी येतो, त्याचा वैरी मागून येतो. मधे दोन-तीन आठवड्यांचा काळ जातो. याच काळात शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो आणि तो पंप काढतो. नेमका त्याच वेळी मारलेला फवारा माव्याला अर्धवट मारतो आणि वैऱ्याला पुरता. उरलेला मावा मग मोकळ्या रानात दुप्पट वाढतो. दोन आठवडे कळ काढायची की नाही, हा प्रश्न हजारो रुपयांचा आहे.

दुसरी गोष्ट ओळखीची. डिफाची अळी जाळ्यात बसलेली असते. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, "अरे, मावा होताच, आता अळीही पडली!" आणि दुकानात जाऊन अळीचे औषध आणतो. म्हणजे पहारेकऱ्यालाच चोर समजून मारल्यासारखे झाले. उसाच्या पानाखाली, पांढऱ्या माव्यात, जाळ्याखाली अळी दिसली तर ती तुमच्या बाजूची आहे. तिला हात लावू नका.

फडात पुढीलप्रमाणे करा :

१. जुलैपासून दर आठवड्याला फडाच्या कडेने आणि आत थोडे शिरून पानाची खालची बाजू पाहा. पान वरून काळे आणि चिकट दिसले तर त्याच्या वरचे पान उलटून पाहा. मावा तिथे सापडेल.

२. मावा ठिपक्या-ठिपक्याने असेल तर ती पाने काढून जागेवरच नष्ट करा. पण आधी नीट बघा, त्यात डिफाच्या अळ्या किंवा कोष असतील तर ती पाने ठेवा.

३. मावा असलेले वाढे आणि बेणे दुसऱ्या गावात नेऊ नका, दुसऱ्याकडून आणू नका. चाऱ्याची अडचण आम्हाला कळते, पण स्वतःच्या हाताने कीड घरी आणू नका.

४. युरियाचा मारा करू नका. नत्र जादा झाले की पान लुसलुशीत होते आणि रस शोषणाऱ्या किडीला पंगत मिळते. शिफारशीप्रमाणे, हप्त्याहप्त्याने द्या.

५. रुंद सरी किंवा पट्टा पद्धत ठेवा. हवा खेळते, फडात शिरून पाहता येते आणि वेळ पडली तर नेमक्या जागी फवारता येते.

६. शेजारच्या फडात डिफा चांगला असेल तर तिथली कोष असलेली पाने मागून घ्या आणि आपल्या उसाला टाचा. हे काम बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यांनी मिळून केले तर जास्त उपयोगी.

७. मित्रकिडी सोडल्यावर तीन-चार आठवडे त्या फडात कीटकनाशक फवारू नका.

८. मावा वाढतच आहे आणि वैरी कुठेच दिसत नाही, असे असेल तरच औषधाचा विचार करा. तेही सगळ्या फडावर नको, लागलेल्या भागावरच. औषध कोणते ते दुकानदाराच्या शब्दावर ठरवू नका. मोहोळचे कृषी विज्ञान केंद्र, कारखान्याचा ऊस विकास विभाग किंवा सहायक कृषी अधिकारी यांना पान दाखवा आणि विचारा.

९. पाचट जाळू नका. सरीत दाबा.

बाटलीवरच्या 'जैविक' या शब्दाबद्दल

आजकाल दुकानात 'जैविक' लिहिलेल्या बाटल्यांची रांग असते. मित्रकिडींचे कौतुक ऐकून कोणी तशीच एखादी बाटली घेऊन येईल, म्हणून हे सांगणे भाग आहे.

त्यात दोन वेगळे प्रकार आहेत. एक प्रकार कीड किंवा रोग आवरणाऱ्या जैविक औषधांचा. ट्रायकोडर्मा, मेटारायझियम, बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम अशा बुरशी यात येतात. यांना १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते आणि तो नोंदणी क्रमांक वेष्टनावर असावा लागतो.

दुसरा प्रकार जैव उत्तेजकांचा, ज्यांना आपण बोलताना 'टॉनिक' म्हणतो. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आणि फुल्विक आम्ल, अमिनो आम्ल वगैरे. पिकाने अन्नद्रव्य नीट उचलावे, ताण सोसावा, वाढ चांगली व्हावी, यासाठी ती असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने ती खत नियंत्रण आदेशाखाली आणली, आणि कीड मारणारा पदार्थ या व्याख्येत बसत नाही हेही तिथे स्पष्ट केले. म्हणून कोणी तुम्हाला एकच बाटली दाखवून "हे टॉनिकही आहे आणि मावाही मारतं" असे सांगत असेल तर सावध व्हा. बाटली हातात घ्या, वेष्टन वाचा, नोंदणी पाहा आणि पक्की पावती घ्या. टॉनिकने पीक सुधारेल न सुधारेल तो वेगळा प्रश्न. मावा खाण्याचे काम डिफाच करतो.

शेवटी एवढेच

चिनी बागाईतदाराच्या मुंग्या, निवडुंगावरचा किडा, कॅलिफोर्नियाचा ढालकिडा, आपल्या पाकोळीवरचा इपिरिकॅनिया आणि माव्यावरचा डिफा, या सगळ्यांची रीत एकच आहे. त्यांना नेमके भक्ष्य लागते, वाढायला थोडा वेळ लागतो, आणि विषाचा मारा सोसत नाही. या तीन गोष्टी आपण सांभाळल्या तर ते फुकट राबतात.

ज्यांनी २००२-०३ चा मावा डोळ्यांनी पाहिला, त्यांनी तो आपल्या मुलांना आणि सुनांना सांगावा. नव्या पिढीने पान उलटून पाहण्याची सवय ठेवावी. उद्या एखादी दुसरी नवी कीड या शिवारात येईल, ती काही सांगून येणार नाही. त्या वेळी पंप बाहेर काढण्याआधी पान हातात घ्या, उलटा, आणि पाहा की तिच्या आसपास आणखी कोण आहे. ओळख पटली नाही तर पान पिशवीत घालून जाणकाराकडे न्या.

हे पत्रक वाचून झाल्यावर घडी घालून ठेवू नका. शेजाऱ्याला द्या.